उतारू आणि उतरता भाव

मराठीत प्रवाशाला ‘उतारू’ म्हणतात, आणि परगावी गेलेला माणूस कोठे राहिला हे विचारावयाचे असले म्हणजे ‘कुठे उतरलात?’ असे विचारतात. घोड्यावरून उतरावे, गाडीतून उतरावे, डोक्यावरचे ओझे खाली उतरवावे, तसा माणूस गावात उतरतो. आता गंमत अशी की, बाजारात मालाची किंमत कमी झाली म्हणजे तीही ‘उतरते’. माणूस आणि भाव या दोघांना भाषेने एकच क्रियापद दिले आहे. रात्री-अपरात्री लॉजच्या गल्ल्यापाशी उभा राहून ‘काही कमी करा की’ असे म्हणणाऱ्या उतारूला हे व्याकरण ठाऊक नसते, पण त्याची सारी धडपड तेवढ्यासाठीच चाललेली असते. आपण उतरलो, आता भावही उतरावा.

हा भाव आधी कोणी सांगायचा, यजमानाने की पाहुण्याने, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. १९९८ साली अमेरिकेत प्राइसलाइन नावाची एक कंपनी निघाली. तिने गिऱ्हाइकाला सांगितले : हॉटेलचा दर विचारू नका, तुम्ही काय देणार ते संगणकावर लिहा; ज्याला परवडेल तो हॉटेलवाला तुम्हाला खोली देईल. ‘तुमचा भाव तुम्हीच सांगा’ हे त्या कंपनीचे ब्रीद होते, आणि पाहुण्याने बोली लावायची व यजमानाने ती झेलायची ही कल्पना लोकांना अगदी नवी वाटली. परळीच्या ज्योतिर्लिंगाला पूर्वी ज्यांच्या घराण्यातून यात्रा घडत असे, त्यांना ती तितकी नवी वाटू नये. म्हणून ही हकीकत अमेरिकेतून सुरू न करता बीड जिल्ह्यातून सुरू करणे मला अधिक सोयीचे वाटते. बीड हे काही हॉटेलांचे माहेरघर नव्हे. पण जेथे पंचतारांकित काही नसते, तेथे एका रात्रीच्या आसऱ्याची किंमत फार स्वच्छ दिसते.

आपल्याकडे इतिहास म्हणजे लढाया. गोदावरीच्या काठी राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, हे जिल्ह्यातल्या शाळकरी मुलाला पाठ असते. पण त्या फौजांमागून चालणारे बाजारबुणगे, वाणी, तेली, नालबंद त्या पावसाळी रात्री कोठे निजले, हे कोणी लिहून ठेवीत नाही. माणूस लढतो त्याहून कितीतरी अधिक वेळा तो निजतो. तरी निजण्याचा इतिहास नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ हा एक मोठा अपवाद. श्रीचक्रधर कोठे कोठे राहिले, बसले, उठले, याची ती नोंदवही आहे. तीत देवळे, मठ आणि गुंफा यांची दाटी आहे. तेराव्या शतकातल्या महाराष्ट्रात फिरत्या माणसाची सोय प्रामुख्याने अशा ठिकाणी लागत असे. देऊळ हे देवाचे घर होते तसेच ते वाटसरूचेही होते. भाव हा शब्द तेथे उच्चारावयाचाच नसे.

परळी वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी, मन्मथस्वामींचे कपिलधार ही जिल्ह्यातली यात्रेची ठिकाणे. अशा क्षेत्रात यात्रेकरू आला की तो परंपरेने आपल्या क्षेत्रोपाध्यायाच्या घरी उतरत असे. उपाध्यायाकडे वही असे. त्या वहीत आजा-पणजाची नावे, गाव, कोणत्या शकात येऊन गेले याची नोंद असे. वही उघडली की परका माणूस एका क्षणात घरचा होई. ओसरीवर पथारी, न्हाणीला पाणी, चुलीला जळण, अभिषेकाची व्यवस्था, आणि दुपारी पान वाढले जाई. या सगळ्याचे किती, असे विचारण्याची पद्धत नव्हती. विचारलेच तर उत्तर ठरलेले : ‘यथाशक्ति.’ म्हणजे भाव पाहुण्याने सांगायचा.

यावरून ते दिवस फार निर्मळ होते असा समज कोणी करून घेऊ नये. ‘यथाशक्ति’ या शब्दात केवढी सक्ती दडलेली असते हे ज्याने निरोपाच्या वेळी हातात नाणे धरून यजमानाच्या चेहऱ्याकडे पाहिले आहे त्याला विचारावे. वहीत वडिलांनी काय दिले होते हेही लिहिलेले असले, तर मुलाने त्याहून कमी द्यायचे कसे? शिवाय शेजारच्या ओसरीवर उतरलेल्या सोयऱ्याने किती दिले ही कुजबुज कानावर आलेलीच असे. बोली पाहुण्याची, पण तिचा तळ आधीच घालून ठेवलेला. तरीही एक गोष्ट या व्यवहारात होती : पैसा मुक्काम झाल्यावर हातात पडत असे, आधी नव्हे. ढेकूण चावले असतील, पाणी खारट निघाले असेल, तर दक्षिणेला ते कळत असे.

ज्याला ही भीड नको त्याच्यासाठी धर्मशाळा. परळीच्या वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. चौंडीची ही मुलगी. चौंडी आजच्या बीड जिल्ह्याच्या शिवेपासून फार लांब नाही. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे यांवर तिने जो खर्च केला, त्याचा विचार केला की एका रात्रीच्या आसऱ्याची किंमत शून्य ठेवण्यासाठी कोणाला तरी केवढी किंमत मोजावी लागते हे ध्यानात येते. धर्मशाळेचा साधारण रिवाज सगळीकडे सारखाच : तीन दिवसांवर राहू नये, भांडे-अंथरूण आपले आणावे, जाताना झाडून जावे. तेथे घासाघीस नाही, कारण घासण्याजोगे काही नाहीच.

हमरस्त्यावर मात्र निराळी व्यवस्था होती. सोळाव्या शतकात शेरशहाने सडकांवर ठिकठिकाणी सराया बांधल्या, हिंदू-मुसलमानांच्या उतरण्याची निरनिराळी सोय केली, आणि पुढे मोगलाईत सराई ही राज्याच्या व्यवहारातली नेहमीची वस्तू झाली. सराईत भटियारा आणि त्याची भटियारीण असत. ती खाट देई, भाकरी भाजून देई, घोड्याला दाणा-वैरण घाली आणि त्याचे पैसे घेई. पण सराईत खरी विकत मिळे ती वस्तू खाट नव्हेच. दिवेलागणीला दिंडी बंद होऊन आतून अडसर पडे, त्या अडसराचे ते पैसे. ठगांच्या कथा आपण आता चवीने वाचतो. त्या वेळी वाटेत ‘आम्हीही तिकडेच निघालो आहोत’ असे गोड बोलणारा सोबती भेटला म्हणजे शहाणा माणूस भावाची घासाघीस न करता सराईच्या आत जाऊन बसत असेल.

इंग्रजी मुलखात १८६७ साली सरायांचा कायदा झाला. सराई चालवणाऱ्याने सरकारदरबारी नाव नोंदवावे, विहिरी-मोऱ्या स्वच्छ ठेवाव्या, राखणीला पहारेकरी ठेवावे, अशी त्यात कलमे आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातले सर्वांत महत्त्वाचे कलम असे की, मुक्कामाच्या आकाराचा तक्ता मॅजिस्ट्रेट सांगेल त्या जागी आणि त्या भाषेत टांगलेला असला पाहिजे. आज कोणत्याही लॉजमध्ये शिरल्यावर गल्ल्याच्या मागे जो दरपत्रकाचा फलक दिसतो, त्याचा हा खापरपणजोबा. आपण त्या फलकाकडे ‘हा काय खरा भाव थोडाच आहे’ अशा नजरेने पाहतो. पण ज्याने तो प्रथम टांगायला लावला त्याचा हेतू चांगला होता. अनोळखी, अडलेला, भाषा न कळणारा उतारू कोणी नागवू नये म्हणून तो फलक होता. भाव आधी यजमानाने सांगावा, आणि सर्वांना सारखा सांगावा, हे त्यामागचे तत्त्व. उपाध्यायाच्या ‘यथाशक्ति’ला हा कायद्याने दिलेला एक जबाब होता, असे म्हटले तरी चालेल.

बीड जिल्हा निजामाच्या राज्यात असल्याने इंग्रजांचा तो कायदा येथे लागू नव्हता. येथे मुसाफिरखाने होते, देवस्थानांच्या धर्मशाळा होत्या, साहेबलोकांसाठी आणि अंमलदारांसाठी बंगले होते. अंबाजोगाईचे तेव्हाचे नाव मोमिनाबाद; हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची तेथे छावणी होती. आणि मुक्कामाच्या भावाला या मुलखात आणखी एक फाटा फुटत असे. नगर किंवा सोलापूर बाजूने येणाऱ्या उतारूच्या कनवटीला इंग्रजी कलदार रुपया असे, तर निजामाच्या हद्दीत हाली शिक्का चाले. सात हाली म्हणजे सहा कलदार असा ढोबळ हिशेब. तेव्हा ‘रुपया’ म्हटल्यावर पहिला प्रश्न : हाली का कलदार? आज परदेशी गेलेला आपला मुलगा हॉटेलचा दर डॉलरमध्ये वाचून मनात रुपये करतो. त्याच्या पणज्याला ही कसरत खर्ड्याच्या पलीकडे गेल्यावर लगेच करावी लागत असे.

येथवर मी ज्याला उतारू म्हणत आलो तो कोण, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओसरी, धर्मशाळा, सराई, खानावळ यांपैकी कोठेही भाव ठरण्याच्या आधी जात ठरत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातून शिकून आले आणि बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. शेवटी पारशांच्या एका पथिकाश्रमात, जेवणासह दीड रुपया रोज या बोलीवर, पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात येऊन उभे राहिले. आठवडाभराची मुदत मागितली, ती मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच हे इंग्रजीत लिहून ठेवले आहे. तो प्रसंग वाचताना मला नेहमी त्या दीड रुपयाचे आश्चर्य वाटते. दर ठरला होता, दोन्ही बाजूंना मान्य होता, पैसा खरा होता; खोटे होते ते फक्त नाव, आणि खरे नाव सांगण्याची सोय जगाने ठेवली नव्हती. स्वतंत्र भारताच्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा मुद्दाम उल्लेख का आला, आणि १९५५च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना हे तिन्ही शब्द एकामागून एक का आले, याचे उत्तर असल्या प्रसंगांत आहे. भाव करण्याचा हक्क हा दारातून आत येण्याच्या हक्काच्या नंतरचा असतो.

आता थोडे बाजाराकडे वळले पाहिजे, कारण बोली ही वस्तू मुळात लॉजमधली नव्हे, बाजारातली आहे.

बीड जिल्ह्यात नेकनूरचा जनावरांचा बाजार नावाजलेला. अशा बाजारात जुन्या पद्धतीचा सौदा ज्याने पाहिला असेल त्याला ते मूकनाट्य विसरता येणार नाही. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात. दोघांच्या हातांवर उपरणे किंवा रुमाल पडतो. त्या कापडाखाली बोटे धरली जातात. अमुक बोटे धरली म्हणजे अमुक शेकडा, मूठ दाबली म्हणजे अमुक. तोंडाने हवापाण्याच्या गोष्टी चाललेल्या असतात. बैलाचा मालक शेजारीच उभा असतो आणि त्याच्या बैलाचा भाव त्याला दिसत नाही. धान्याच्या अडतीतही ही रीत होती. तिच्यात शेतकरी फसतो म्हणूनच उघड लिलावाचा आग्रह धरणारे बाजार समित्यांचे कायदे झाले. हैदराबाद संस्थानाने १९३०च्या सुमारास केला, आणि महाराष्ट्राने १९६३ साली. तरी कापडाखालचा सौदा जनावरांच्या बाजारात चिवटपणे टिकून राहिला, याला कारण आहे. भाव झाकला की एकाला दिलेली सवलत दुसऱ्याला मागता येत नाही. दलालाला एका बैलजोडीत खाली उतरता येते, आणि तरी बाजाराचा भाव उतरला असा बोभाटा होत नाही.

बोलीची दुसरी जात म्हणजे गुत्ता. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. हा निजामशाही अमदानीचा शब्द. ताडी-शिंदीचा, रस्त्याचा, घाटाचा गुत्ता जो जास्त बोली लावील त्याला मिळे, आणि त्याने ती रक्कम रयतेकडून कशी वसूल केली हे कोणी पाहत नसे. तेव्हा बोली या शब्दाशी आपल्या लोकांची ओळख जुनी आहे, आणि ती सगळीच गोड नाही.

१९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेखात्याने सत्तावीस मोटारींनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. परळीला रेल्वे निजामाच्याच काळात आली. मोटार आणि आगगाडी यांनी एक नव्या जातीचा उतारू जन्माला घातला. तो देवाला आलेला नसतो, सोयऱ्याकडे आलेला नसतो. त्याची पुढची गाडी सकाळी असते एवढाच त्याचा गावाशी संबंध. त्याला ना उपाध्याय ना धर्मशाळा. त्याच्यासाठी स्टँडसमोर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ची पाटी आली. मुंबई इलाख्यात १९४७ साली जो भाडेनियंत्रणाचा कायदा झाला त्याच्या नावातच भाडी, हॉटेले आणि निवासगृहांचे दर असे तिन्ही होते. हॉटेलच्या खोलीचा रास्त दर ठरवून देणारा नियंत्रक त्यात होता. युद्धानंतरच्या टंचाईत मुंबईला माणसे खाटांवर पाळीपाळीने निजत होती, त्या काळची ती गरज. मराठवाड्याला घरांसाठी १९५४चा हैदराबादचा कायदा होता. पुढे १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने हे जुने कायदे गुंडाळले आणि नव्या कायद्याच्या नावातून हॉटेल हा शब्द गळाला. कोणी त्याची दखल घेतल्याचे दिसले नाही.

परळीत १९७१ साली औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि पुढे मोठे संच आले, तेव्हा अभियंते, फिटर, ठेकेदारांची माणसे यांनी गावात लॉजचा धंदा वाढवला. त्याला पाण्याची दृष्ट लागली. २०१३ आणि २०१५ साली पाण्याअभावी केंद्रच बंद ठेवावे लागले. वीज थांबली की खोल्या रिकाम्या, खोल्या रिकाम्या की भाव पडला. बीड, मांजरसुंबा, गढी अशा रस्त्यावरच्या गावांत मात्र धुळे-सोलापूर महामार्गाची रहदारी असते, तेथला हिशेब वेगळा.

गल्ल्यावरची घासाघीस हे एक शास्त्र आहे, आणि ते कोठे छापलेले नसल्याने येथे दोन शब्द लिहून ठेवतो. खोली हा नाशवंत माल आहे. ज्वारी पेवात घालून पुढच्या वर्षी विकता येते. आजची रात्र उद्या विकता येत नाही. संध्याकाळच्या बाजारात मेथीच्या जुडीची जी गत, तीच रात्री दहानंतर रिकाम्या खोलीची. चादर, साबण आणि दिवा एवढा खर्च सुटला की मालकाला वर येईल ते मिळालेच. हे उतारूला ठाऊक असते, तसे मॅनेजरलाही ठाऊक असते की उतारूचे पाय दुखत आहेत. म्हणून जाणता माणूस सामान सोबत्यापाशी स्टँडवर ठेवून एकटा, रिकाम्या हाताने, ‘सहज विचारतो’ असे म्हणत आत जातो. ज्याच्या खांद्यावर बोचके आहे, कडेवर मूल आहे आणि मागे म्हातारी उभी आहे, त्याला भाव करता येत नाही. त्याचा चेहरा आधीच ‘हो’ म्हणून गेलेला असतो. सौद्यातली सगळी ताकद ‘नको’ म्हणता येण्यात आहे. रुमालाखाली बोटे कितीही चपळ असोत, बैल आजच विकायचा आहे हे ज्याच्या तोंडावर दिसते तो मार खातो.

प्राइसलाइनने नेमके हेच हेरले. जे वॉकर हा तिचा जनक. त्याची युक्ती आपल्या बाजारातल्या माणसाला पाच मिनिटांत समजेल. गिऱ्हाइकाने शहराचा भाग सांगायचा, हॉटेल किती ताऱ्यांचे हवे ते सांगायचे, आपली बोली लिहायची आणि आपल्या कार्डाचा क्रमांक आधीच द्यायचा. बोली एखाद्या हॉटेलला मानवली तर पैसे तत्क्षणी कापले जात, आणि मगच हॉटेलचे नाव कळे. नको म्हणायची सोय नाही, पैसे परत नाहीत. हॉटेलचे नाव झाकलेले का? रुमाल का, याचे जे उत्तर तेच याचे. मोठ्या हॉटेलने उघडपणे अर्ध्या भावात खोली दिली तर पूर्ण भाव देणारे नेहमीचे पाहुणे उद्या येऊन भांडतील. नावच झाकले तर रिकामी खोलीही जाते आणि आबही राखली जाते. संगणकावरून असा सौदा जुळवण्याच्या रीतीला १९९८च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन सरकारने पेटंटसुद्धा दिले. नेकनूरच्या दलालांना हे वेळीच कळले असते तर त्यांनी हरकत घेतली असती, असे विनोदाने म्हणावेसे वाटते.

तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी या बाजारात थोड्याच दिवसांत प्रावीण्य मिळवले. उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांसह गाडी काढून हिंडायचे तर चार ताऱ्यांची खोली दोन ताऱ्यांच्या भावात कशी काढायची, याच्या खुणा एकमेकांना सांगितल्या जात. बोली फेटाळली गेली तर ठरावीक अवधी जाईपर्यंत तीच बोली वाढवून लावता येत नसे. शहराचा आणखी एखादा भाग यादीत जोडला तरच पुन्हा संधी मिळे. मग हुशार लोक असा भाग जोडीत की जेथे त्या दर्जाचे हॉटेलच नाही! म्हणजे भलतीकडे जाऊन पडण्याचा धोका नाही, आणि बोली मात्र पाच डॉलरांनी वाढवायला मोकळीक. शिवाय आधी इतर ठिकाणचे उघड दर पाहून ठेवायचे, फार खालून सुरुवात करायची, आणि ज्या बेताची तारीख बदलण्याची शक्यता आहे त्यासाठी बोली लावायचीच नाही. हे सारे बाजाराचे शहाणपण आहे. फरक एवढाच की, नेकनूरला गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालण्याआधी बैलाचे दात मोजून घेते. येथे दात सौदा झाल्यावर दिसत.

आणि उपाध्यायाच्या ओसरीशीही ताडून पाहावे. तेथेही भाव पाहुणाच सांगे, पण मुक्काम झाल्यावर; येथे मुक्कामाआधी, तोही न पाहिलेल्या जागेचा. शब्द तेच, क्रम उलटा. क्रम उलटला की जोखीम एका घरातून दुसऱ्या घरात जाते.

ही बोली फार काळ बहरली नाही. २००० साली निघालेल्या हॉटवायरसारख्या कंपन्यांनी नाव झाकून भाव उघडा ठेवला, आणि लोकांना बोली लावण्याच्या कटकटीपेक्षा ते बरे वाटले. प्राइसलाइनने विमान-तिकिटांवरची बोली २०१६ साली थांबवली. हॉटेलांची बोलीही मागे पडली. कंपनीने २००५ साली विकत घेतलेले ॲमस्टरडॅमचे बुकिंग डॉट कॉम मात्र इतके फुगले की २०१८ साली मूळ कंपनीनेच त्याचे नाव धारण केले. तेथे बोली नाही, सरळ दर आहेत. म्हणजे १८६७चा फलक पुन्हा टांगला गेला म्हणायचा. पण हा फलक तासातासाला बदलतो आणि प्रत्येकाला निराळा दिसू शकतो.

आपल्याकडे २०००मध्ये मेकमायट्रिप आणि २०१३मध्ये ओयो निघाली आणि काही वर्षांत जिल्ह्याच्या गावांतली लॉजेही दूरध्वनीच्या पडद्यावर आली. उतारूला छायाचित्र दिसू लागले, भाव घरबसल्या कळू लागला, दारात उभे राहून तोंड वेंगाडण्याची पाळी टळली. ही सोय थोडी नव्हे. पण तिची एक मेख होती. या कंपन्यांच्या करारांत असे कलम असे की, हॉटेलवाल्याने आपल्या खोलीचा दर दुसरीकडे त्याहून कमी लावू नये. म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या मालकालाच आपल्या खोलीचा भाव उतरवण्याची चोरी! भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये मेकमायट्रिप-गोआयबीबोला सुमारे २२३ कोटी आणि ओयोला सुमारे १६९ कोटी रुपये दंड केला, त्या निवाड्यात हा मुद्दा प्रमुख होता. कंपन्यांनी त्यावर अपीलही केले. कायद्याचा कीस कायदेपंडितांनी काढावा. उतारूपुरते एवढेच की, पडद्यावरचा भाव पाहावा, आणि मग त्या लॉजला सरळ फोन लावून विचारावे. मधल्याची दलाली वाचत असेल तर मालक पुष्कळदा खाली येतो. एखाद्या आडदिवशी खात्रीने येतो. लग्नसराईत आणि श्रावणी सोमवारच्या आदल्या रात्री येत नाही.

हे सर्व ज्याला ‘नको’ म्हणता येते त्याच्यासाठी. अंबाजोगाईला १९७४ साली स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथल्या रुग्णालयात आसपासच्या तालुक्यांतून रोगी येतात, आणि रोग्याबरोबर भाऊ, आई, भावजय येतात. मुक्काम किती रात्रींचा हे त्यांना ठाऊक नसते, म्हणून आगाऊ नोंदणी शक्य नाही. रुग्णालयापासून लांबची स्वस्त खोली त्यांच्या उपयोगाची नाही, कारण रात्री दोनला हाक येते. ते घासाघीस करीत नाहीत. व्हरांड्यात चादर टाकतात. जगातली कोणतीही बोली त्यांच्यापर्यंत पोचत नाही, कारण बोलीला तारीख लागते. तेथे लागते ती धर्मशाळाच. अहिल्याबाईंच्या काळी लागत होती तशीच.

आणि हा दिवाळी अंक आपल्या हाती पडेल त्या सुमारास बीड जिल्ह्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोडीची माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघालेली असतील. वर्षातले पाच-सहा महिने ती परमुलखात राहतात. या जिल्ह्याइतके उतारू क्वचितच दुसऱ्या जिल्ह्याने बाहेर धाडले असतील. पण त्यांचा भाव मुक्कामाचा नसतो, हातांचा असतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतली की पुढल्या मोसमाचा सौदा झाला. कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी उभी करायची, तिला भाडे नाही. येथे बोली आधी लागते, पैसाही आधी हातात पडतो, आणि मग कित्येक महिने ‘नको’ म्हणता येत नाही. प्राइसलाइनच्या कार्डासारखेच; फक्त कापले जाते ते निराळे.

नगरहून बीडला येणारी आगगाडी, जिची मंजुरी १९९५ सालची, ती अखेर १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीडच्या स्टेशनात आली. तीच लोहवाट पुढे परळीला जायची आहे. ती पोचली म्हणजे वैजनाथाला येणाऱ्यांची संख्या वाढेल, लॉजे वाढतील, आणि दूरध्वनीच्या पडद्यावर परळीच्या खोल्यांचे भाव चढ-उतार करू लागतील. सर्वांत चढा भाव अर्थात महाशिवरात्रीचा राहील. त्या रात्री गावात खोली मिळणे मुश्कील, आणि मिळालीच तर सांगेल तो भाव द्यावा लागतो. खोली घेणाऱ्या भाविकाने त्या रात्री निजायचे नसते, जागरण करायचे असते, ही गोष्ट निराळी.